उतार माझ्याकडे होता

गळत कोण होतं?

एवढंच विचारलं होतं मी. सोपा प्रश्न आहे, लहान पोरालाही कळेल. पण दुकानात नाही, गॅरेजमध्ये नाही, घरात तर नाहीच, कुणीही मला उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला आधी खाली वाकून बघावं लागलं असतं ना! वाकायला कुणाला वेळ होता?

मी रेडिएटर बोलतोय. डोंगर चढणाऱ्या एका जुन्या गाडीचा रेडिएटर. आता मी चपटा आहे. माझी एक बाजू आत दुमडली आहे आणि पाठीवर टायरची नक्षी उमटली आहे. ती कशी उमटली ते सांगेन, पण शेवटी. आधी माझ्या भावाबद्दल बोलू द्या. तो गेला, आणि तो कसा गेला हे मला सोडून कुणालाच नीट माहीत नाही.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. अंगात तांब्याच्या नळ्या, वर आणि खाली पितळेच्या टाक्या आणि नळ्यांच्या मधे कागदासारख्या पातळ पाकळ्या. माझे सांधे डाग देऊन जोडणारी बाई काम करताना गुणगुणायची. शेवटचा डाग देऊन झाल्यावर तिने मला पाण्याच्या हौदात बुडवलं, आत हवा सोडली आणि कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. एकही बुडबुडा आला नाही. "पास," ती म्हणाली. माझी शाळा ती तेवढीच. पुढे आयुष्यभर मला एकच धडा येत होता : गरम पाणी घ्यायचं, थंड करून परत द्यायचं.

गाडीत मला बसवलं तेव्हा माझा थोरला आधीच तिथे बसलेला होता. थोरला म्हणजे इंजिन. काळा, जाडजूड, हनुवटीला तेल लागलेलं. तो आधी बसला आणि मी मागून आलो, म्हणून तो थोरला आणि मी धाकटा. आमच्यात दोन रबरी नळ्या, एक पंप आणि एक पंखा. पंख्याभोवती एक गोल कडं होतं. ते कडं लक्षात ठेवा.

थोरला तापट. मी त्याहून तापट. माझं झाकण गरम असताना उघडायला जाल तर मी तोंडावर वाफ फेकतो, हा माझा स्वभाव आहे आणि त्याची मला लाज नाही. पण थोरल्याचा ताप मात्र मी कधी वाया जाऊ दिला नाही. तो उकळतं पाणी वरच्या नळीतून माझ्याकडे धाडायचा आणि मी ते निववून खालच्या नळीतून त्याला परत द्यायचो. तो कधी थँक्यू वगैरे म्हणाला नाही. भाऊ म्हणतात का? तो नुसता चालत राहायचा. त्याच्या आवाजावरून मला कळायचं की आज त्याचं बरं चाललंय.

आमचे मालक मधवाले. बाप आणि त्याची दोन पोरं. बापाला सगळे बाबा म्हणत. मुलगी मोठी, ती गाडी चालवायची. तिला तिचा भाऊ ताई म्हणायचा म्हणून आम्हीही ताईच म्हणत होतो. आणि तो भाऊ, त्याला घरात तुफान म्हणायचे. दार उघडण्याआधीच तो दारातून आत आलेला असायचा.

खालच्या अंगाला फुलं संपली की मधमाश्यांच्या पेट्या गाडीत भरून वरच्या उतारावर न्यायच्या, तिथली फुलं संपली की खाली आणायच्या. हे त्यांचं काम. आणि या कामाची एक रीत होती : हळू जायचं. शेजारून चालणारा माणूस पुढे निघून जाईल इतकं हळू. पेट्यांना हादरे बसले तर आतली मधाने भरलेली पोळी तुटतात, माश्या मधात बुडून मरतात. म्हणून ताई पहिल्या गिअरमध्ये गाडी अशी चढवायची, की जणू मागे कुणीतरी झोपलंय.

आता ऐका. गाडी पळते तेव्हा वारा आपोआप माझ्या अंगातून जातो. गाडी रांगते तेव्हा वारा येत नाही, तो पंख्याने ओढावा लागतो. आणि पंख्याची सगळी ओढ माझ्या अंगातूनच जावी, इकडेतिकडे फुकट जाऊ नये, म्हणून ते गोल कडं. मी, पंखा आणि कडं, आम्ही तिघं मिळून थोरल्याला त्या चढावर जिवंत ठेवत होतो. उगाच नाही म्हणत मी, लक्षात ठेवा म्हणून.

वर पोचलो की माश्या सोडायचे. त्यांतल्या कित्येक वेड्या परतीच्या वाटेवर माझ्या पाकळ्यांत येऊन अडकायच्या. घरी आल्यावर बाबा एक लांब पीस घेऊन माझ्यासमोर उकिडवे बसायचे आणि मेलेली एकेक माशी अलगद काढायचे. "बिचारी," म्हणायचे. माशीला हं! मला नाही. पण त्या निमित्ताने माझं अंग साफ व्हायचं, वाकलेली पाकळी ते नखाने सरळ करायचे. मी तक्रार कशाला करू?

बाबांचा दुसरा गुण म्हणजे मेण. त्यांच्या मते जगातलं सगळं मेणाने दुरुस्त होतं. दार करकरलं, मेण. चपलेचा टाका उसवला, मेण. एकदा माझ्या खालच्या टाकीशी ओल दिसली तर या गृहस्थांनी मेणाचा गोळा मळून मला फासला! उकळत्या पाण्याच्या डब्याला मेण लावणारा माणूस जगात मी एकच पाहिला. थोरला सुरू झाला आणि सगळं मेण वितळून जमिनीवर. तुफान पोट धरून हसला. "बाबा, आता वातही लावा, दिवाच करू त्याचा."

हसा, हसा. पण ती ओल माझी नव्हती.

ओल पंपाची होती. थोरल्याच्या छातीवर बसलेला तो पंप आतून झिजला होता आणि थेंब थेंब सोडत होता. थेंब खालच्या लोखंडी पट्टीवर पडायचा. मालकांच्या शेडची जमीन पुढच्या बाजूला उतरती. त्यामुळे थेंब पट्टीवरून पुढे ओघळत यायचा आणि बरोबर माझ्याखाली टपकायचा. सकाळी माझ्याखाली हिरव्या पाण्याचं थारोळं. उतार माझ्याकडे होता, म्हणून गुन्हा माझा!

"रेडिएटर गेला," तुफान म्हणाला.

"नीट बघितलंस का?" ताईने विचारलं.

"त्यात बघायचं काय? थारोळं कुणाखाली आहे? शेजाऱ्याखाली?"

मिस्त्री आला. त्याने बॉनेट उघडलं, मला बोटाने टकटक केलं आणि बॉनेट मिटलं. "म्हातारा झालाय. डाग तरी किती देणार? बदलून टाका."

"नक्की हाच ना?" ताई म्हणाली. "कारण वर फुलं उघडलीत. पेट्या दोन दिवसांत हलल्याच पाहिजेत, मग मधेच काही निघायला नको."

"ताई, मी कालपासून गाड्या बघतोय का?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. एक हौदभर पाणी आणा रे! मला त्यात बुडवा, हवा सोडा, बघा बुडबुडा येतो का! त्या गुणगुणणाऱ्या बाईला जे कळत होतं ते यांतल्या एकालाही सुचू नये? पाणी, हवा आणि दोन डोळे, एवढंच लागतं त्याला. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ठरलीच होती. मला उचकटून काढलं. नळ्या निघताना थोरल्याचं उरलेलं पाणी माझ्या अंगावर सांडलं. ती आमची शेवटची गळाभेट.

नमुना म्हणून मला दुकानात नेलं. म्हणजे माझी जागा कुणाला द्यायची हे माझ्याच देखत ठरलं, मला काउंटरवर आडवं घालून.

दुकानदाराने तीन नग मांडले. पहिला माझ्यासारखाच, तांब्या-पितळेचा, धुळीने माखलेला. दुसरा हलका, प्लास्टिकच्या टाक्यांचा, कंपनीतून हल्ली या गाडीत जसा येतो तसा. तिसरा चकचकीत. जाड. आरशासारखा. त्यात तुफानला स्वतःचं तोंड दिसलं आणि तिथेच निकाल लागला.

"गाडी कुठे चालते?" दुकानदार म्हणाला.

"डोंगरात!" तुफान.

"मग हाच न्या. शर्यतीवाले हाच नेतात."

"आम्ही कुठे शर्यतीत धावतोय?" ताई म्हणाली. "आमची गाडी माणसापेक्षा हळू चालते. मागे मधमाश्या असतात."

"मग तर सोन्याहून पिवळं! हळू चालली की तापणार कमी."

तापणार कमी! अहो, सायकलवाल्याला विचारा, घाम कधी येतो. उतारावर सुसाट सुटल्यावर की चढावर कण्हताना? पण नाही. दुकानदार बोलला आणि तिघांनी माना हलवल्या, कारण काउंटरच्या मागे उभा असलेला माणूस शहाणाच असतो.

"तो धुळीचा कसा आहे?" बाबांनी हळूच विचारलं. "आपल्या जुन्यासारखा दिसतोय."

"बाबा, जुन्यासारखाच हवा तर जुनाच काय वाईट होता?" तुफान म्हणाला.

तेच तर मी म्हणत होतो!

मग टेप निघाली. माझी लांबी मोजली, त्याची मोजली. जुळली. माझी उंची मोजली, त्याची मोजली. तीही जुळली. "झालं!" म्हणत तुफानने टेप खिशात घातली. जाडी कुणी मोजलीच नाही. रेडिएटर म्हणजे भिंतीवरची तसबीर आहे का, लांबी-उंची बघून घ्यायला?

गॅरेजात बसवायला घेतला तर नवा मागे पंख्याला घासायला लागला. नाकापेक्षा मोती जड. आता काय करायचं? शहाण्या माणसाने तो परत केला असता. मिस्त्रीने करवत मागितली आणि पंख्याभोवतीचं कडं कापून काढलं.

"ते काय होतं?" ताई म्हणाली.

"काही नाही, बोटं जाऊ नयेत म्हणून संरक्षण असतं. पंख्यात हात घालू नका म्हणजे झालं."

तुफानने ते कडं कोपऱ्यात भिरकावलं. मी तिथेच भिंतीला टेकून होतो. ते माझ्या शेजारी पडलं आणि थोडा वेळ डुगडुगत राहिलं.

कुणी पंपाकडे पाहिलं नाही. नव्या चकचकीत पाहुण्याला नमस्कार करून सगळे निघाले. कानामागून आला आणि तिखट झाला. खरं सांगू? त्या बिचाऱ्या नव्यावरही माझा राग नाही. त्याला वारा हवा होता आणि तो मिळणार नव्हता. पाणी हवं होतं आणि ते पंपातून गळून जातच होतं.

"हे भंगार विकून टाकू," तुफान माझ्याकडे बघून म्हणाला.

"असू दे मागे," बाबा म्हणाले. "कधीतरी कामाला येईल." बाबा काहीच टाकत नसत. त्यांनी मला उचलून गाडीच्या मागच्या भागात दोरखंडांच्या बाजूला, फळकुटाला लागून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटता फुटता पेट्या भरल्या. तोंडं जाळीने बंद केलेली. आत माश्यांची एकसारखी गुणगुण. बंद पेट्या ऊन तापायच्या आत वर पोचायला हव्यात, नाहीतर माश्या आतल्या आत गुदमरतात. बाबा नेहमीप्रमाणे मागे पेट्यांमध्ये बसले, दोन्ही हात दोन पेट्यांवर. त्यांचे पाय माझ्या अंगावर. पुढे ताई, शेजारी तुफान.

"नवा बसवलाय तर पाणी एकदा बघून घ्यायचं का?" ताईने निघताना विचारलं.

"नवा आहे, बघायचं काय? नवरीचं तोंड बघितल्यासारखं सारखं सारखं झाकण उघडतेस!"

ती हसली आणि निघाली.

सपाटीवर ठीक होतं. चढ लागला. पहिला गिअर, रांगणं सुरू. मी मागे आडवा, तोंडं उघडी, अंगात काही नाही, खालच्या टाकीच्या कोपऱ्यात राहिलेलं घोटभर पाणी सोडून. मला तिथून थोरल्याचा आवाज ऐकू येत होता. पहिल्या वळणावर तो जड झाला. दुसऱ्या वळणावर कोरडा झाला. घशाला कोरड पडलेला माणूस बोलतो ना, तसा.

"तापाचा काटा वर चाललाय," ताई म्हणाली. "थांबू का?"

"चढावर थांबलीस तर पुन्हा उचलेल का एवढं वजन? तो वळणाचा सपाट तुकडा येऊ दे."

थोडं पुढे गेल्यावर तुफान एकदम ओरडला, "बघ! काटा खाली आला! म्हटलं नव्हतं, शर्यतीवाला आहे तो!"

ऐकताय ना? काटा खाली आला म्हणून टाळी वाजवली त्याने! काट्याला खबर देणाऱ्या तारेचं टोक पाण्यात बुडालेलं असतं, म्हणून तो पाण्याचा ताप सांगतो. पाणीच संपलं तर तो कशाचा ताप सांगणार? माझा भाऊ आत तहानेने जळत होता आणि काटा आनंदाने खाली येत होता. मी मागे फळकुटावर आपटत होतो, खडखडत होतो, ताई, थांब, ताई, थांब! बाबांनी पायाने मला दाबलं. "माश्या बिथरतात रे," ते मलाच म्हणाले.

मग थोरल्याने एक ठोका दिला. मग दुसरा. मग लोखंडावर लोखंड घासल्याचा एक लांब, ओरबाडणारा आवाज, तो मी कधीही विसरणार नाही. आणि मग काहीच नाही. नुसती माश्यांची गुणगुण.

माझा थोरला गेला. मी तीन हातांवर होतो आणि त्याला घोटभर पाणी देऊ शकलो नाही.

आता तो आवारात आहे. गाडीतून उतरवून त्याला दोन लाकडांवर ठेवलाय, वर ताडपत्री टाकलीय. शेजारी मी. रात्रीचं दव त्याच्यावर जमतं आणि सकाळी ओघळतं, तेव्हा मला वाटतं, आता हे पाणी कशाला? माश्या मात्र येतात, ते दव पितात आणि जातात.

दुसरं इंजिन येणार आहे म्हणे. येऊ दे. तुम्हाला हात जोडून विनवणं मला जमणार नाही, मी बजावूनच सांगतो. रेडिएटर बदलायच्या आधी गळतंय कोण ते बघा. गाडी सपाटीवर उभी करा आणि मगच खाली वाका. जुन्याला पाण्यात बुडवून हवा सोडा. नवा घेताना गाडी पळते की रांगते ते आधी सांगा. जाडी मोजा. पंख्याचं कडं कापावं लागत असेल तर तो रेडिएटर तुमचा नाही, कितीही चकाकू दे. आणि चढावर काटा अचानक खाली आला तर टाळ्या वाजवू नका. थांबा. लगेच थांबा. हे सगळं मला, एका इयत्तेच्या रेडिएटरला कळतं. तुम्हाला का कळू नये?

राहिलं माझं चपटं होणं. तेही सांगतो.

थोरला गेला तेव्हा ताईने क्लच दाबून गाडी गिअरमधून काढली होती आणि पुन्हा पुन्हा चावी फिरवत होती. तो उठणार नव्हता. तिने हँडब्रेक ओढला आणि पाय ब्रेकवर ठेवला. तुफान बॉनेट उघडायला पुढे धावला. बाबा मागे उतरले. त्यांना गाडीची काळजी नव्हती. ऊन वर येत होतं आणि माश्या बंद होत्या. त्यांनी एक पेटी उचलून छातीशी घेतली आणि गाडीच्या मागेच, चाकाच्या रेषेत, सावली शोधत उभे राहिले. त्यांच्यामागे वळण, आणि वळणापलीकडे दरी.

पुढे वाफ विरली. मी तुफानचा आवाज ऐकला. तो पहिल्यांदाच हळू बोलत होता.

"ताई... नवा तर कोरडा आहे बाहेरून. ओल इथे आहे. ताई, हे पंपाच्या खालून... म्हणजे जुना रेडिएटर..."

म्हणजे जुना रेडिएटर काय? बोल ना! एवढंच तर मी विचारत होतो!

पण त्याचं वाक्य तिथेच राहिलं. पुढेही ते कुणी पूर्ण केलं नाही. कारण त्याच क्षणी हँडब्रेकची तार कण्हली आणि गाडी मागे सरकली. इंजिन बंद पडलं की ब्रेकही दगडासारखा कडक होतो, दाबला जात नाही. ताई दोन्ही पाय घेऊन त्यावर उभी राहिली. "बाबा, बाजूला व्हा!" ती किंचाळली. "गिअर पडत नाहीये! बाबा!"

बाबा पेटी टाकेनात. भरलेली पेटी घेऊन म्हाताऱ्या माणसाला बाजूला उडी मारता येत नाही आणि ते ती सोडत नव्हते. ते मागे मागे पावलं टाकत होते, गाडी त्यांच्या अंगावर येत होती.

तुफान धावत आला. दगड शोधला. वाट मऊ मातीची, दगड कुठून मिळणार? त्याची नजर माझ्यावर पडली. या पोराने मला भंगार म्हटलं होतं. माझ्या भावाच्या मरणावर टाळी वाजवली होती. त्याने मला दोन्ही हातांनी ओढून काढलं, जमिनीवर आपटलं आणि पायाने चाकाखाली ढकललं.

मला वाटलं, निसटावं. पितळ गुळगुळीत असतं, जरा तिरकं झालं की चाक अंगावरून सरळ निघून गेलं असतं. पण समोर बाबांच्या चपला दिसल्या, मेण लावून सांधलेल्या. नखाने माझ्या पाकळ्या सरळ करणारा तो माणूस.

चाक माझ्यावर चढलं. पाकळ्या मोडल्या, नळ्या एकेक करून फुटल्या, खालची टाकी मातीत रुतली. कोपऱ्यात राहिलेलं ते घोटभर पाणी बाहेर आलं आणि बाबांच्या पायांकडे वाहत गेलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी गळलो.

पण चाक सोडलं नाही.